नवमीचा समुद्र

मी एकदा बत्तीस माणसांना पांढरी वाळू दाखवायला कराडहून गुहागरला नेलं आणि आम्ही पोचलो तेव्हा तिथे वाळूच नव्हती. समुद्र होता, सुरूची झाडं होती, शहाळीवाला होता. वाळू तेवढी पाण्याखाली गेलेली. दिवस मी निवडला होता. त्यासाठी मी भांडले होते, बायका फितवल्या होत्या आणि जिंकलेही होते. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं. नातवंडांना हे सांगते तेव्हा धाकटी विचारते, "आजी, तेव्हा तू लहान होतीस का गं?" मी म्हणते, "हो बाळा, फारच."

भरती-ओहोटी असते हे मला ठाऊक होतं, नाही असं नाही. पण आम्ही घाटावरची माणसं. आमचं पाणी म्हणजे कृष्णा आणि कोयना. ते पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं आणि धरणातून सोडायचं असेल तर आधी दवंडी देऊन येतं. दिवसातून दोनदा पुढे येणारं आणि दोनदा मागे जाणारं पाणी पुस्तकात वाचलं तरी आमच्या मनात बसत नाही. तरीपण सगळं खापर भूगोलावर फोडणार नाही. मी शेजारच्या एका बाईवर जळत होते. इतकी की छातीत खरोखरच जळायचं आणि आमच्या ह्यांनी मला पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. गोळ्यांनी पित्त गेलं. बाई शेजारीच राहिली.

ती आमच्या कॉलनीत आली तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. माहेर सांगलीजवळ माधवनगरला, वडील गिरणीत. नवरा पलटणीतून सुभेदार होऊन आला आणि दोन वर्षांत गेला. ती स्वतः पाटबंधारे खात्यात होती. रोज सकाळी नदीवर जायचं, पुलाच्या खांबावरच्या आकड्यांवरून पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. तीस-पस्तीस वर्षं हेच. म्हणून कॉलनीनं तिचं नाव पातळीबाई पाडलं. नोकरी संपली तरी तिनं जायचं सोडलं नाही. पहाटे नदीवर जाऊन यायची आणि परतताना जो दिसेल त्याला सांगायची, "आज दोन पायऱ्या खाली." दूधवाल्यालाही. दूधवाला बिचारा आपल्या किटलीत डोकावून बघायचा.

माणसांना ती नावानं हाक मारत नसे. घराच्या नंबरानं मारायची. आम्ही तेरा नंबर. "तेरा नंबर, दार उघडा!" माझ्या सासूबाई म्हणजे "तेरा नंबरच्या थोरल्या." प्यायला पाणी दिलं तर घ्यायची, टेबलावर ठेवायची आणि बघत बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, ग्लासात काही पडलंय. तशी मी दुसरा ग्लास आणला. म्हणाली, "राहू द्या. पाणी थांबलं की पिते." हलतं पाणी ती तोंडाला लावत नसे. आता ती पुण्याला लेकीकडे असते. फोन करते तेव्हा हॅलो वगैरे काही नाही, मधूनच सुरू करते. परवा फोन उचलला तर आवाज आला, "...तर ती पाइपलाइन बदलली आहे म्हणून चहाची चव बिघडली."

पण तिचा खरा नाद म्हणजे बेत आखणं. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर, पट्टी लावून. मंडईत जायचा बेत, दातांच्या डॉक्टरकडे जायचा बेत. एक दिवसाची समुद्राची सहल तिनं ठरवली तेव्हा चार पानं डकवून केलेला कागद चादरीएवढा झाला होता. आणि तालीम! तालमीशिवाय ती कुठेच जात नसे. एका संध्याकाळी तिनं आम्हा बायकांना आपल्या गच्चीवर बोलावलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गाडीतल्यासारख्या दोन रांगांत मांडलेल्या. आम्हाला बसवलं आणि स्वतः पुढे उभी राहून कुंभार्ली घाटाची वळणं म्हणायला लागली. "डावं... लांब डावं... उजवं... आता एकदम उजवं!" आम्ही साठीच्या आसपासच्या बारा बायका डावीकडे कलतोय, उजवीकडे कलतोय. खाली रस्त्यावर माणसं थांबली. नऊ नंबर तिसऱ्या वळणावर खरोखरच हिरवी पडली. बाईनं कागदावर खूण केली, "नऊ नंबर पुढे, खिडकी, आवळासुपारी."

मी त्या दिवशी घरी येऊन आत्याबाईंना सगळी नक्कल करून दाखवली. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणायची पद्धत. वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डोकं हाय त्या बाईला."

जळत्यात तेल पडलं. ठिणगी त्याआधीच पडली होती.

आत्याबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि चाकाच्या खुर्चीत आल्या. मी त्या घरात आल्याला पस्तीस वर्षं झाली होती. त्यांची आंघोळ, जेवण, औषधं, तेल लावणं, सगळं माझ्या हातचं. उपकार केले असं म्हणत नाही. पण माणसाला वाटतं ना, या घरात या बाईच्या मनातलं कुणाला कळत असेल तर ते मला. आणि ही पाणी थांबायची वाट बघणारी बाई रोज चार वाजता येणार, आत्याबाईंच्या खुर्चीला खुर्ची लावून बसणार आणि दोघी कुजबुजणार. मी गेले की गप्प. एखाद्या दिवशी तिला उशीर झाला की आत्याबाई दाराकडे बघत म्हणायच्या, "आज ती आली न्हाई व्हय अजून?" मी लसूण सोलत समोर बसलेली असायचे. मी आलेली होते, पस्तीस वर्षांपूर्वीच. पण ते कोण मोजतो!

एक दिवस चहा घेऊन जाताना मी दाराबाहेर थबकले. थबकले म्हणजे मुद्दाम थांबले, आता या वयात काय लपवायचं. आत्याबाई सांगत होत्या, "आमचं मालक पलटणीत हुतं, त्यांनी समिंदर बघिटला. मी ह्या नदीबिगर आन उसाच्या पाटाबिगर दुसरं पानीच बघिटलं न्हाई. मरायच्या आधी येकडाव समिंदरात पाय बुडवायचं हायती."

बाई म्हणाली, "बुडवू."

"पर आमच्या सूनबाईला कळू देऊ नगंस. शब्द दे."

"दिला."

आत गेले, चहा ठेवला आणि बाहेर येऊन गोठ्याच्या जागी बांधलेल्या आमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. समुद्राचं दुःख नव्हतं. समुद्र काय, मी नेला असता त्यांना. "सूनबाईला कळू देऊ नगंस" हे शब्द कानातून जाईनात. तोंड धुतलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, आत्याबाईंना समुद्र मीच दाखवणार. ती बाई नव्हे.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं कॉलनीची सहल काढली, गुहागरची, संक्रांत झाल्यावर. आत्याबाईंसाठीच काढली होती, पण शब्द दिलेला, त्यामुळे सगळ्यांना न्यायचं. दिवस ठरवला सोमवार, शुद्ध नवमी. मला आयती संधी मिळाली. मोबाइलवर आमच्या बायकांचा ग्रुप नवाच झाला होता. मी लिहिलं, "सोमवारी कोण सहलीला जातं? मुलांच्या शाळा, पुरुषांची कामं. त्याच आठवड्यात रविवारी पौर्णिमा आहे. दिवसही चांगला, येताना घाटात टिपूर चांदणं." चांदण्यावर सगळ्या भाळल्या. अंगठेच अंगठे आले.

बाईनं लिहिलं, "रविवारी चालणार नाही. पाणी सव्वाअकराला दारात येतं."

कुणाला काही कळलं नाही. तिची ही एक मोठी खोड होती. पाण्याबद्दल बोलायची ते शेजारणीबद्दल बोलावं तसं, आणि कारण विचारलं की गप्प. मी लिहिलं, "येऊ दे की, हळदीकुंकू देऊ." त्यावर हसणारे चेहरे मोजता येईनात. रविवार ठरला. माझ्या छातीतलं जळणं त्या दिवशी पहिल्यांदा थांबलं. मी पुरणपोळी केली आणि आमचे हे विचारत राहिले, "सण कुठला आज?"

मधल्या दिवसांत तिनं एक उद्योग केला. खुर्चीच्या चाकांना तेल घालून आणते म्हणून आत्याबाईंची रिकामी खुर्ची घेऊन गेली. तासभर झाला तरी पत्ता नाही, म्हणून मी शोधायला निघाले. पलीकडच्या प्लॉटवर बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. तिथे वाळूचा ढीग होता. बाईनं तो फावड्यानं अंगणासारखा पसरला होता. खुर्चीत आत्याबाईंच्या वजनाची, चाळीस किलोची गव्हाची गोणी पदरासारख्या दुपट्ट्यानं बांधून बसवलेली. बाई खुर्ची ढकलतेय आणि चाकं रुततायत. मग तिनं पिंपातल्या बादल्या ओतून वाळू भिजवली, फावड्यानं थापटली आणि पुन्हा ढकललं. गोणी ऐटीत फिरायला लागली. वॉचमन विडी हातात तशीच धरून बघत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कोरडी नाही म्हणते. ओली हो म्हणते," ती म्हणाली आणि कागदावर टिपून घेतलं.

आज कुणी शेंबडं पोरसुद्धा यातून अर्थ काढील. मी काय केलं? मी गोणीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "तेरा नंबरच्या नव्या थोरल्या." आठवलं की अजून माझे कान तापतात.

रविवारी सकाळी सहाला गाडी निघाली. पाटण, कोयनानगर, मग घाट. नऊ नंबर पुढे खिडकीशी बसली आणि एकदाही ओकली नाही, हे मी मुद्दाम बघितलं आणि मला त्याचाही राग आला. मी आत्याबाईंच्या शेजारी. चिपळूण मागं पडल्यावर मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "आत्याबाई, आज समुद्रात पाय बुडवायचे बरं का." त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, मग मागे वळून बाईकडे. बाईनं मान हलवली, मी नाही सांगितलं. चोरी उघडी पडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. मला केवढा आनंद झाला!

सव्वाअकराला आम्ही सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समुद्र अंगावरच आला. मैलोगणती पांढरी वाळू म्हणून जी ऐकली होती, तिची आमच्या ओसरीएवढी पट्टी उरलेली. तीही भुसभुशीत, उतरती. पलीकडे लाटा अशा फुटत होत्या की बोलणं ऐकू येईना. पोरं ओरडत पाण्याकडे पळाली आणि पहिल्याच लाटेनं पाच नंबरच्या चपला नेल्या.

आत्याबाईंची खुर्ची आम्ही वाळूत घातली. दोन हात गेली आणि आसापर्यंत रुतली. मग ह्यांनी आणि सात नंबरच्या जावयानं खुर्चीसकट उचललं. दहा पावलं गेले असतील, तोच एक लाट आली. दोघांचे गुडघे भिजले, पायाखालची वाळू सरकली आणि खुर्ची एका अंगाला कलली. आत्याबाई किंचाळल्या. "मागं घ्या! मागं घ्या मला!" खुब्याची धास्ती बसलेलं माणूस ते. झाडाखाली आणून ठेवलं तरी त्यांच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेल्याच.

मग मी जे केलं ते लिहायलाही धीर लागतो. मसालेभाताचं मोठं पातेलं रिकामं झालं होतं. मी ते घासलं, म्हणजे वाळूनं जमेल तेवढं घासलं. लाटेत उभी राहून भरलं, लुगड्यासकट भिजले आणि ते आणून आत्याबाईंच्या पायांशी ठेवलं. "घ्या, बुडवा पाय." त्यांनी निमूट पाय घातले. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि भाताचं एक पिवळं शीत घोट्याभोवती फिरत होतं. सगळ्या बायका भोवती उभ्या. आत्याबाईंनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, समिंदराला हिंगाचा वास येतुया."

बायका पोट धरधरून हसल्या. आत्याबाईही हसल्या, माझं मन राखायला. मला ते कळलं. मोठ्या माणसाला आपलं मन राखताना बघणं फार वाईट असतं.

बाई हसली नाही. ती झाडाला टेकून पाण्याकडे बघत उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, भिजलेली, रिकामं पातेलं हातात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग नीट सांगायचं होतंत की!"

"थोरल्यांना शब्द दिला होता. ओहोटी कुणासाठी हवी, ते सांगावं लागलं असतं." मग घड्याळ बघून म्हणाली, "साडेचारला इथे मैदान होईल. ओलं, सपाट, रस्त्यासारखं. थांबता येईल?"

मी ड्रायव्हरकडे गेले, हातापाया पडले. तो म्हणाला, "आवं मावशी, घाट अंधारायच्या आत चढायचा हाय. तीनला निघायचं म्हंजी निघायचं." पाच नंबरला अनवाणी अजून देवळात जायचं होतं. मुलांची सोमवारी परीक्षा. तीनला गाडी निघाली. मागच्या काचेतून बघितलं तर पाणी खरंच मागे सरकायला लागलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ वाळू चकाकत उघडी पडत होती. माझ्या नाकावर टिच्चून. घाटमाथ्यावर चांदणं पडलं, अगदी टिपूर. एकाही बाईनं वर बघितलं नाही. सगळ्या झोपल्या होत्या.

दोन दिवस मी तिच्या दारावरून गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले. दार उघडून ती नुसती उभी राहिली.

मी म्हटलं, "पुन्हा नवमी कधी?"

"वद्य नवमी, पुढच्या मंगळवारी." कागद तयारच होता. मला आत घेतलं आणि पाणी दिलं. मी न पिता ग्लास टेबलावर ठेवला, पाणी थांबेपर्यंत. तिनं ते बघितलं. मग तिनं मला ते गणित शिकवलं. कराडच्या बाजारात सुकी मासळी घेऊन येणाऱ्या एका कोकणातल्या बाईकडून ती ते शिकली होती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. नवमीला पावणेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी पाणी पार उतरलेलं. एवढंच. ग्रुपवर एका ओळीत मावलं असतं. पण ओळीत मावलं असतं तरी त्या दिवशी मी ते मानलं असतं का? मुळीच नाही. मी आणखी एखादा फोटो टाकला असता.

मंगळवारी आम्ही चौघंच गेलो. हे गाडी चालवत होते, खुर्ची डिकीत आणि बाईच्या मांडीवर साखरेची चार रिकामी पोती. भुसभुशीत पट्टीवर ती पोती पुढे अंथरायची, खुर्ची वरून न्यायची, मागची उचलून पुन्हा पुढे. पोती मी अंथरत होते, खुर्ची ती ढकलत होती. मला ढकलायची होती. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तेरा नंबर, पोती." मी गुमान पोती अंथरली.

आणि मग ओली वाळू लागली. काय सांगू! खुर्ची सुटली की हो. केवढं मोठं ते मैदान, आणि पाणी लांब, शहाण्यासारखं, घोट्याएवढ्या लाटा काढत बसलेलं. आता बाईनं खुर्चीचे दांडे सोडले आणि मला म्हणाली, "न्या."

"तुम्ही?"

"मी पाण्यात उतरत नाही. उतरलेल्याला पातळी दिसत नाही." आणि घड्याळ बघत तिथेच उभी राहिली.

मी आत्याबाईंना पाण्यात नेलं. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा त्यांनी पाय वर ओढले, मग हळूच सोडले. मग हुकूम सुटला, "अजून जरा म्होरं." मग, "अजून." माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. शेवटी मागून बाईचा आवाज आला, "तेरा नंबर, पाणी वळलं!" आणि आम्ही परत फिरलो.

झाडाखाली मी आत्याबाईंचे पाय मांडीवर घेऊन पुसत होते. बोटांच्या बेचक्यांत पांढरी वाळू बसलेली. बाई लांब उभी राहून पोती झटकत होती. ती तशी उन्हात चमकताना दिसली आणि खरं सांगते, इतकं सगळं होऊनही माझ्या छातीत एक बारीकशी कळ आलीच. तशीच मान खाली घालून मी विचारलं, "आत्याबाई, पस्तीस वर्षं झाली. तिला सांगितलंत, मग मला का नाही?"

आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आगं, उठवतीस तू, न्हाऊ घालतीस तू, घास मोडून देतीस तू, कूस बदलायची तर ती बी तूच. म्हनलं, मरायच्या आधी माजं येक तरी काम तुज्या अंगावर पडू ने. तर त्ये बी तू वढून घेतलंस, येडे."